येट्सच्या गावाला जाताना: आयर्लंडमधली कवी-लेखकांची ठिकाणं कशी पाहावीत

सुरुवात नावांपासून करू. कॉलेजात कीट्सच्या शेजारी बसवल्यामुळे आपल्याला ‘यीट्स’ म्हणायची सवय लागलेली असते. तो आयरिश कवी ‘येट्स’. नाटककार ‘सिंज’ नव्हे, ‘सिंग’. कवी हीनीचं पहिलं नाव ‘शेमस’. येट्सचं गाव ‘स्लायगो’, आणि सिंग ज्या बेटावर जाऊन राहायचा ते ‘इनिश मान’. हे आधी सांगण्याचं कारण असं की यातल्या बऱ्याच जागांचा रस्ता तुम्हाला माणसांना विचारावा लागतो. नाव नीट उच्चारलं की समोरचा माणूस रस्ता सांगून थांबत नाही, चार ओळीही म्हणून दाखवतो. स्लायगोत माझ्या बाबतीत हे दोनदा घडलं. एकदा बसचालकाने म्हटल्या, एकदा चहा आणून देणाऱ्या आजींनी.

हा लेख दोघांसाठी आहे: भारतातून आठ-दहा दिवसांसाठी जाणाऱ्या मराठी वाचकासाठी, आणि डब्लिन-लंडनला नोकरीनिमित्त राहणाऱ्या, हाताशी दोन-तीन शनिवार-रविवारच असणाऱ्यासाठी.

पहिलं काम: जागा नको, कविता निवडा

पहिल्या खेपेला मी उलटं केलं होतं. नकाशावर अकरा खुणा केल्या आणि पाच दिवसांत अकराही ‘केल्या’. परत आल्यावर फोटो भरपूर होते, पण कोणता दगड कुणाच्या थडग्याचा हे आठवेना. दुसऱ्या खेपेला फक्त दोन जिल्हे ठेवले. तळ्याकाठी, थडग्याशी, मनोऱ्याच्या पायरीवर बसून त्या-त्या जागेची कविता मोठ्याने वाचली. त्या जागा अजून डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून आधी कोण तुमचा, ते ठरवा. शहरातून पायी भटकायला आवडत असेल तर कादंबरीकार जेम्स जॉइस आणि डब्लिन. तळी, डोंगर, दंतकथा यांची ओढ असेल तर येट्स. त्यासाठी स्लायगो आणि गॉलवे जिल्ह्यातलं गॉर्ट. शेतीतून आलेल्या माणसाला शेमस हीनी लगेच कळतो, त्याचं बेलाही गाव उत्तर आयर्लंडमध्ये आहे. समुद्र आणि बोलीभाषा हवी असेल तर सिंग आणि अॅरन बेटं. आठ दिवसांत यांतले दोन, फार तर तीन. चारही करायला गेलात तर निम्मा वेळ गाडीत जाईल.

दुसरं काम: व्हिसा आणि महिना

इथे पुष्कळ लोक चुकतात. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात नाही. पॅरिसचा शेंगेन व्हिसा डब्लिनला चालत नाही. भारतीय पारपत्रावर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. बेलाहीला जायचं तर तो भाग ब्रिटनचा. सीमेवर फाटक नाही, बस न थांबता पलीकडे जाते, म्हणून कागद लागत नाहीत असं वाटतं. पण ब्रिटनमध्ये राहण्याची परवानगी तुमच्याकडे असावीच लागते. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश संयुक्त व्हिसा योजना आहे. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी अक्षरं असतील तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. अट एकच: ज्या देशाने व्हिसा दिला, आधी त्या देशात उतरायचं. अर्ज भरण्यापूर्वी त्या वेळचे नियम अधिकृत संकेतस्थळावर वाचून घ्या. दक्षिणेत युरो आणि उत्तरेत पौंड चालतात, तेव्हा थोडे पौंड वेगळे ठेवा.

महिना कोणता? जॉइससाठी जून. ‘युलिसिस’ ही कादंबरी 16 जून 1904 या एकाच दिवसात घडते आणि त्या तारखेला डब्लिन ‘ब्लूम्सडे’ साजरा करतं. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत रेंगाळतो, त्यामुळे दिवस मोठा मिळतो. गॉर्टजवळच्या कूल पार्कमधल्या, येट्सच्या कवितेतल्या हंसांसाठी मात्र ऑक्टोबर, कारण कविताच ऑक्टोबरच्या संधिप्रकाशातली आहे. पण ऑक्टोबरात लहान संग्रहालयं मिटायला लागतात. मला निवडायला सांगितलं तर सप्टेंबरचा मध्य. आणि महिना कुठलाही असो, डोक्यावर टोपी असलेलं पावसाळी जाकीट घ्या. तिथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, छत्री टिकत नाही.

तिसरं काम: घरचा अभ्यास

‘युलिसिस’ वाचून होईपर्यंत थांबलात तर जाणं होणार नाही. ‘डब्लिनर्स’मधल्या पंधरा कथांपैकी शेवटची, ‘द डेड’, वाचा. ‘युलिसिस’चं फक्त पहिलं प्रकरण वाचलंत तरी जॉइस राहिला त्या सँडीकोव्हच्या मनोऱ्यावर उभं राहायला पुरेसं आहे. येट्सची ‘द लेक आयल ऑफ इनिसफ्री’ बारा ओळींची आहे, ती पाठच करा. ‘द वाइल्ड स्वॉन्स अॅट कूल’ आणि ‘अंडर बेन बल्बिन’चा शेवटचा भाग वहीत उतरवून घ्या. हीनीच्या ‘डिगिंग’ आणि ‘मिड-टर्म ब्रेक’ या दोन कविता, आणि सिंगचं ‘रायडर्स टू द सी’ हे तासाभराचं नाटक. एवढं पंधरा दिवसांत आरामात होतं. कविता हाताने उतरवा. बोटीवर, पावसात, वाऱ्यात मोबाइलचा पडदा दिसत नाही; वही दिसते.

डब्लिन: दोन दिवस पायी

पहिला दिवस शहराच्या मधल्या भागासाठी. इथली ठिकाणं एकमेकांना इतकी लागून आहेत की गाडीचा विचारही करू नका. मेरियन स्क्वेअरच्या कोपऱ्यावर ऑस्कर वाइल्ड रंगीत दगडांच्या पुतळ्यात आडवा रेललेला आहे, समोर रस्त्यापलीकडे त्याचं बालपणीचं घर. तिथून लिंकन प्लेसला या. स्वेनीज हे जुनं औषधाचं दुकान ‘युलिसिस’मध्ये आहे, कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम इथून लिंबाच्या वासाचा साबण घेतो. आता तिथे औषधं मिळत नाहीत, साबण मिळतो. स्वयंसेवक दुकान सांभाळतात आणि लोक एकत्र बसून जॉइस वाचतात. वाचनाची वेळ आधी बघून ठेवा आणि वर्तुळात बसा. तुमच्या हातात पुस्तक देऊन एक पान वाचायला सांगतील. उच्चार चुकला तर कुणी काही म्हणत नाही. मी वाचलेल्या पानातलं मला निम्मंच समजलं होतं, पण ते गद्य कानांसाठी लिहिलेलं आहे हे त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

पुढे किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय ग्रंथालय. ‘युलिसिस’मधला शेक्सपिअरवरचा लांबलचक वाद जॉइसने याच इमारतीत घडवला आहे. मग ड्यूक स्ट्रीटवरचं डेव्ही बर्न्स. आधीच्या खाणावळीत माणसं मांसावर तुटून पडलेली पाहून ब्लूमला किळस येते, तो इथे येतो आणि गॉर्गोन्झोला चीजचं सँडविच मागवतो. शाकाहारी वाचकाला साहित्यातलं एवढं सोयीचं जेवण दुसरीकडे मिळणार नाही. त्या चीजला उग्र वास असतो, एवढं ध्यानात ठेवा. चालताना खाली लक्ष असू द्या: ब्लूमच्या दुपारच्या वाटेवर पदपथात ब्राँझच्या पाट्या बसवल्या आहेत, एकूण चौदा.

दिवसाचा शेवट सेंट स्टीफन्स ग्रीनसमोरच्या आयरिश साहित्य संग्रहालयात करा. 2019 साली उघडलेलं हे संग्रहालय जॉइस जिथे शिकला त्याच जुन्या विद्यापीठाच्या इमारतीत आहे. ‘युलिसिस’ 2 फेब्रुवारी 1922 ला पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली, त्या आवृत्तीची पहिल्या क्रमांकाची प्रत इथे आहे. ब्लूमचं सात नंबर एकल्स स्ट्रीटचं घर शोधत जाऊ नका, ते पाडलं गेलं. त्याचा दरवाजा मात्र उत्तर भागातल्या जेम्स जॉइस केंद्रात जपून ठेवला आहे.

संध्याकाळी पाय दुखत असले तरी ग्रँड कॅनॉलपर्यंत जाच. कवी पॅट्रिक कॅव्हना हा मोनाहन जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. 1955 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर तो या कालव्याच्या काठी बसून बरा झाला. भव्य स्मारक नको, येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकता येईल असं काठावरचं एक बाक पुरे, असं त्याने कवितेतच मागून ठेवलं. 1967 मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी मित्रांनी ते बाक बसवलं. दुसऱ्या काठावर 1991 पासून तो स्वतः ब्राँझचा होऊन बाकावर बसला आहे, शेजारी जागा मोकळी. लोक पुतळ्याबरोबर फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही पलीकडच्या साध्या बाकावर बसा; मागणी त्या बाकाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर डार्ट या किनाऱ्याच्या लोकलने सँडीकोव्हला उतरा. नेपोलियनच्या भीतीने बांधलेले गोल मार्टेलो मनोरे या किनाऱ्यावर बरेच आहेत. त्यातल्या एकात जॉइस सप्टेंबर 1904 मध्ये जेमतेम सहा रात्री राहिला, आणि भांडण, मध्यरात्रीचा गोळीबार अशा गोंधळात निघून गेला. पुढच्याच महिन्यात त्याने प्रेयसी नोराबरोबर देश सोडला. सहा रात्रींतून कादंबरीचं पहिलं पान निघालं. अरुंद जिन्याने तोफेच्या गच्चीवर जा आणि ते पान तिथेच वाचा. खाली फॉर्टी फूट या जागी बाराही महिने लोक थंडगार समुद्रात उड्या मारतात. मनोराही स्वयंसेवकच चालवतात, तेव्हा उघडण्याची वेळ तपासून निघा.

दुपार ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’वाल्या जोनाथन स्विफ्टला. तो 1713 पासून 1745 मध्ये मरेपर्यंत सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा डीन, म्हणजे मुख्य धर्मगुरू, होता आणि तिथेच, त्याची मैत्रीण स्टेला हिच्याजवळ, पुरला आहे. त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेला लॅटिन लेख भिंतीवर आहे: जिथे पेटता संताप आता काळीज फाडू शकत नाही, तिथे तो पडला आहे. शेजारचं मार्श ग्रंथालय 1707 चं. दुर्मीळ पुस्तक वाचायला बसलेल्याला जाळीच्या कोनाड्यात कोंडून ठेवायचे, ते कोनाडे अजून आहेत.

स्लायगो: तीन दिवस, घाई न करता

डब्लिनच्या कॉनोली स्थानकावरून थेट आगगाडी आहे, साधारण तीन तास. येट्स जन्मला डब्लिनला, 1865 मध्ये, पण आईचं माहेर स्लायगो. सुट्ट्या आजोळी गेल्या आणि कवितेला मुलूख मिळाला तो आजोळचा. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या दिवशी हाइड पुलाजवळच्या येट्स सोसायटीच्या इमारतीत जाऊन माहिती घ्या. कुठली बोट चालू आहे, कुठलं घर उघडं आहे, हे ताजं तिथेच कळतं. मग लॉख गिल तळं. इनिसफ्रीचं बेट पाहून पुष्कळांची निराशा होते, कारण ते झाडाझुडपांनी भरलेलं इवलंसं बेट आहे. झोपडी नाही, घेवड्याच्या नऊ ओळी नाहीत. खरं तर कधीच नव्हत्या. 1888 मध्ये तेवीस वर्षांचा येट्स लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरून चालला होता. एका दुकानाच्या काचेमागे लहानसं कारंजं उडत होतं. पाण्याचा आवाज ऐकला आणि त्याला हे तळं आठवलं. कविता परगावातल्या फरसबंदीवर आठवलेल्या पाण्याची आहे. म्हणून इथे येऊन पाहायचं कमी आणि ऐकायचं जास्त. बोटीच्या फेरीत बेट जवळून दिसतं, पण ध्वनिक्षेपकामुळे पाणी ऐकू येत नाही. शक्य असेल तर टॅक्सीने आग्नेय काठावरच्या छोट्या धक्क्यावर जा. अरुंद रस्त्याला पाटी आहे. गाडीवाल्याला तासाभराने यायला सांगा. काठावर पाणी चुबुकचुबुक आपटत असतं. तिसरं कडवं तिथे म्हणा.

दुसऱ्या दिवशी ड्रमक्लिफ, स्लायगोच्या उत्तरेला साधारण आठ किलोमीटर. डेरीकडे जाणारी बस रस्त्यावर सोडते. येट्सचे पणजोबा इथल्या चर्चचे धर्मगुरू होते. येट्स 28 जानेवारी 1939 ला दक्षिण फ्रान्समध्ये वारला आणि तिथेच पुरला गेला. मग महायुद्ध आलं. 1948 च्या सप्टेंबरमध्ये आयरिश नौदलाच्या जहाजाने त्याचे अवशेष मायदेशी आणले. मधल्या धामधुमीत तिकडची कबर हलवली गेली होती, म्हणून इथली हाडं त्याचीच का, ही शंका अजून निघते. मला ती महत्त्वाची वाटत नाही. ‘अंडर बेन बल्बिन’मध्ये त्याने सांगून ठेवलं होतं: संगमरवर नको, ठरीव वाक्य नको, जवळच्याच खाणीतला चुनखडीचा दगड, आणि त्यावर हे शब्द. दगडाजवळ जाऊन पाहा, करड्या चुनखडीचाच आहे, आणि शब्दही तेच: जगण्याकडे, मरणाकडे थंड नजरेने बघ; घोडेस्वारा, पुढे हो. मान वर केली की बेन बल्बिनचा सपाट माथा दिसतो. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना तो कातळकडा एकदम ओळखीचा वाटतो, उंची मात्र फक्त 526 मीटर.

इथे मराठी वाचकाने आणखी एका माणसाची आठवण काढावी. श्री पुरोहित स्वामी हे अमरावतीजवळच्या बडनेऱ्याचे, 1882 चा जन्म. 1931 मध्ये लंडनला त्यांची येट्सशी भेट झाली. त्यांच्या आत्मचरित्राला येट्सने प्रस्तावना लिहिली. त्यांचे गुरू भगवान श्री हंस यांचं कैलास-मानसरोवर यात्रेचं मराठी पुस्तक स्वामींनी इंग्रजीत आणलं, त्यालाही 1934 मध्ये येट्सचीच प्रस्तावना. येट्सची ‘मेरू’ ही कविता याच सहवासातली. 1935-36 चा हिवाळा दोघांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर उपनिषदांचं भाषांतर करण्यात घालवला आणि दहा प्रमुख उपनिषदांचं ते पुस्तक 1937 मध्ये निघालं. येट्स-टागोर मैत्री सगळ्यांना ठाऊक असते. हा वऱ्हाडी माणूस आपल्याच लोकांना ठाऊक नसतो. त्या भाषांतरातलं ईशोपनिषद फार तर दोन-तीन पानांचं आहे. मी ते थडग्यापाशी वाचलं, सोबत मूळ संस्कृत. तुम्हीही वाचा असं सुचवते.

पाय चांगले असतील तर गोर्टारोवीची पाच-साडेपाच किलोमीटरची फेरी डोंगराच्या पायथ्याने जाते, चढ सोपा आहे. तिसऱ्या दिवशी ग्लेनकार धबधबा, ‘द स्टोलन चाइल्ड’मधला, किंवा नॉकनरेचा डोंगर, ज्याच्या माथ्यावर दंतकथेतल्या राणी मेव्हची म्हणून सांगतात ती पाच हजार वर्षांहून जुनी दगडांची रास आहे. राशीवर चढू नका. दगड हलतात आणि ती समाधी आहे.

गॉर्ट: हरवलेलं घर, उभा मनोरा

गॉलवे-लिमरिक रेल्वेवर गॉर्ट स्थानक आहे. तिथून कूल पार्क तीनेक किलोमीटर. नाटककार लेडी ग्रेगरींनी इथल्या आपल्या घरात येट्स, सिंग, शॉ, शॉन ओकेसी सगळ्यांना आणलं, लिहितं केलं. डब्लिनचं अॅबी थिएटर 1904 मध्ये सुरू झालं त्यामागे त्यांचे कष्ट होते. घर 1941 मध्ये पाडलं. उरलं आहे फक्त जोतं. येट्सने 1929 च्या कवितेतच लिहिलं होतं की एक दिवस या खोल्या नसतील, आकार हरवलेल्या ढिगाऱ्यावर खाजकुइल्या डोलतील. जोत्यावर उभं राहून ही कविता वाचली की घशाशी काहीतरी येतं. बागेतल्या तांबड्या पानांच्या बीच वृक्षावर पाहुण्यांनी कोरलेली आद्याक्षरं आहेत; खोड फुगल्याने ती ताणली गेली आहेत, माहितीफलकाच्या मदतीने शोधा.

मग जंगलातून तळ्याकडे. हे ‘टर्लॉख’ आहे, म्हणजे चुनखडीतल्या विवरांतून भरणारं आणि ओसरणारं तळं. पावसाळ्यानंतर वाटा पाण्याखाली जातात आणि कोरड्या उन्हाळ्यात पाणी दूर सरकतं. येट्सने इथे एकोणसाठ हंस मोजले, पहिल्यांदा मोजल्यानंतरच्या एकोणिसाव्या शरदात. तुम्हीही मोजा. मला अकरा मिळाले.

थूर बॅलिली हा नॉर्मन मनोरा इथून पुढे, टॅक्सीने. येट्सने तो 1917 मध्ये 35 पौंडांना घेतला आणि बायको जॉर्जसाठी दुरुस्त केला. भिंतीवर त्याची सहा ओळींची कविता कोरली आहे. सगळं पुन्हा पडझडीला जाईल तेव्हा ही अक्षरं राहोत, असं ती म्हणते. बाजूचा ओढा हिवाळ्यात फुगून तळमजल्यात शिरतो, त्यामुळे मनोरा उन्हाळ्याचे महिनेच उघडा असतो. गोल जिना चढताना उजव्या हाताने भिंत धरा, पायऱ्या उंच आहेत.

इनिश मान: एक रात्र तरी

सिंग 1898 पासून उन्हाळ्यात इथे येऊन राहिला, आयरिश शिकला, आणि लोकांच्या बोलण्यातून त्याची नाटकं घडली. गॉलवेहून बसने रोसावील बंदर, तिथून बोट. बहुतेक प्रवासी मोठ्या बेटावर उतरतात. तुम्ही मधल्या बेटाचं, म्हणजे इनिश मानचं, तिकीट काढा. तो राहायचा ते गवती छपराचं घर उन्हाळ्यात पाहता येतं, आणि पश्चिमेच्या कड्यावर तो ज्या दगडी आडोशात बसायचा ती जागाही. ‘रायडर्स टू द सी’मध्ये बुडालेल्या भावाला बहीण ओळखते ती मोज्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून. ते त्या कड्यावर वाचायला धीर लागतो. मुक्काम आधी ठरवा, खोल्या मोजक्या आहेत. वारा वाढला तर बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका.

बेलाही: हीनीचं गाव

बेलफास्टहून साधारण 60 किलोमीटर. मॅहराफेल्टपर्यंत बस, पुढे टॅक्सी सोपी पडते. पूर्वी जिथे पोलिसांचं तटबंद ठाणं होतं, त्याच जागेवर 2016 मध्ये हीनीचं ‘होमप्लेस’ उभं राहिलं. इथे त्याच्या आवाजात कविता ऐका. ‘डिगिंग’मधला बाप आणि आजोबा, बटाटे उकरणारे, दलदलीतून जळणाची माती कापणारे, त्या शब्दांमधला ‘क’ आणि ‘ड’ त्याच्या तोंडून ऐकला की फावडं चालल्यासारखं वाटतं. दोन तास राखून ठेवा.

तिथून सेंट मेरीज चर्च चालत. 30 ऑगस्ट 2013 ला तो गेला; थडगं आवाराच्या कोपऱ्यात झाडांखाली आहे. चार वर्षांचा लहान भाऊ ख्रिस्तोफर 1953 मध्ये मोटारीखाली गेला, ‘मिड-टर्म ब्रेक’ त्याच्यावर आहे, तोही याच आवारात. हीनीच्या दगडावरची ओळ सांगते: शहाणपण नको म्हणत असलं तरी हवेवर चाल.

उजेड असेल तर टॅक्सी लॉख बेगच्या काठाकडे वळवा. 1975 मध्ये मारल्या गेलेल्या चुलतभावासाठी लिहिलेली कविता इथली आहे: गुरं, धुकं, ओलं गवत आणि पलीकडे चर्च आयलंडवरच्या चर्चचा टोकदार मनोरा. तिथे पाटी नाही, तिकीट नाही, आडोसा नाही. गमबूट नसतील तर निदान मोज्यांची जादा जोडी न्या, आणि मॅहराफेल्टहून बेलफास्टला परतणारी शेवटची बस किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा.